चौथा फर्मा

बाइंडर खोटं कधीच बोलला नव्हता. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि राहता राहता त्याला बावीस वर्षं झाली होती.

त्याचं झालं असं. लेक पाच वर्षांची असताना एकदा शाळा लवकर सुटली म्हणून ती थेट त्याच्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पुस्तकं दाबायचं यंत्र, दुसरीला खळीचं पातेलं आणि दोऱ्याची रिळं, आणि मधोमध माणूस ऐसपैस झोपेल एवढं टेबल. त्या दिवशी टेबलावर खरोखरच माणूस होता. बाइंडर पालथा पडून, मान वर काढून चष्म्यासकट हातपाय मारत होता आणि त्याच्या नाकासमोर एक पुस्तक उघडं होतं. पुस्तक पोहण्याचं होतं. नवशिक्याने आधी कोरड्या जागी सराव करावा, असं त्यात छापलं होतं, आणि छापलेल्या गोष्टीचा बाइंडर फार मान ठेवायचा.

"बाबा, काय करताय?"

"पोहतोय," तो म्हणाला. दुसरं काय सांगणार?

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत आणि आठवडाभरात शाळेत कळलं की बाइंडर पोहतो. पुढच्या वर्षी तो नदी आडवी पोहून जातो असं झालं. लेक चौथीत जाईपर्यंत त्याने कुणाला तरी बुडताना वाचवलंही होतं. हे सगळं खोडून काढायचं म्हणजे चार वाक्यं सलग बोलावी लागणार, आणि तो काही बाइंडरचा प्रांत नव्हता. बायको होती तोवर त्याच्या वाटची वाक्यं ती बोलायची. ती गेल्यावर तेही संपलं. बरं, शहरात कुणी कुणाला पोहून दाखव म्हणत नाही. पुस्तकं शिवायला पाणी लागतं ते खळीपुरतं.

आता लेकीचं लग्न होऊन आठ महिने झाले होते, आणि व्याह्यांचा फोन आला होता.

व्याही तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय गेली नव्हती. "व्याही, शनिवारी डोहावर चला! तंबू टाकू, एक रात्र राहू. तिकीट नाही, चौकीदार नाही, कुणाला विचारायचं नाही. जागा मोकळी, पाणी मोकळं! आणि सूनबाई सांगते तुम्ही पट्टीचे पोहणारे. मला इतकी वर्षं जोडीदारच मिळत नव्हता हो!"

बाइंडरने तोंड उघडलं. पलीकडून फोन ठेवला गेला होता.

शनिवारी दुपारी पाचजण डोहावर पोचले. नदी दोन टेकड्यांमधून खळखळत यायची आणि इथे एकदम पसरून गप्प व्हायची. अलीकडे बारीक गोट्यांचा उतरता काठ, पलीकडे सरळ कडा, आणि मध्ये पाण्याबाहेर आलेला उलट्या पातेल्यासारखा काळा खडक. काठावर जुन्या चुलीचे तीन दगड होते आणि एका झाडाला कुणीतरी पाटी ठोकली होती: 'राहा. पोहा. कचरा घरी न्या.'

जावई पंप दुरुस्त करणारा. त्याने तंबूच्या काठ्या अशा जोडल्या की जणू पाइपच जोडतोय. बाइंडरने दोरीला गाठी मारल्या, कारण गाठ मारणं त्याला येत होतं. व्याही तेवढ्यात दोनदा खडकाला शिवून आले. अंग पुसत म्हणाले, "तुम्ही नाही उतरलात?"

"जेवण जरा जड झालंय," बाइंडर म्हणाला. त्याने फक्त एक केळं खाल्लं होतं.

संध्याकाळी चुलीत बटाटे भाजत ठेवून सगळे गोल बसले. विहीणबाई इस्पितळात नर्स होत्या. हसताना आवाज न करायची त्यांना सवय होती, नुसते खांदे हलायचे. व्याही आपल्या पोहण्याचे पराक्रम सांगत होते, तेव्हा लेक मध्येच म्हणाली, "पप्पा, माझ्या बाबांना हलक्यात घेऊ नका हां. ते बोलत नाहीत म्हणून. मी लहान असताना ते तासन् तास सराव करायचे."

"मग होऊन जाऊ दे! उद्या नाश्त्यानंतर त्या खडकापर्यंत. मागे राहील त्याने सगळ्यांची भांडी घासायची."

"अहो, ते पाहुणे आहेत," विहीणबाई म्हणाल्या.

"पाहुणे कसले? मासा आहे मासा. तूच सांग गं सूनबाई."

"मासाच आहेत," लेक म्हणाली. तिचा चेहरा जाळाच्या उजेडात असा फुलला होता की बाइंडरने सोललेला बटाटा पुन्हा राखेत ठेवला.

सासरच्या घरात तिचा शब्द अजून नवा होता. आमटीत मीठ कमी आहे असं ती म्हणाली तरी सगळे आधी स्वतः चाखून बघायचे, मग माना हलवायचे. न चाखता मानलेली तिची एकच गोष्ट होती, आणि ती नेमकी ही. उद्या नाश्त्यानंतर ती खोटी पडणार होती, तीही सगळ्यांसमोर, बापामुळे.

सरपण आणायच्या निमित्ताने त्याने तिला बाजूला नेलं. "तुला एक सांगायचंय."

"कळलं मला. पप्पा फार बोलतात ना? मनाला लावून घेऊ नका. उद्या त्यांना दाखवूनच द्या!" आणि त्याच्या दंडावर एक थाप मारून ती निघूनही गेली. बाइंडर परत आला तेव्हा त्याच्या हातात एकच काटकी होती.

"व्याही, एवढं सरपण कशाला आणलंत?" व्याही ओरडले.

सकाळी उजाडता उजाडता बाइंडर तंबूतून बाहेर आला. शेजारच्या तंबूतून बस चढणीला लागल्यासारखा आवाज येत होता. लेंगा गुडघ्यावर दुमडून तो पाण्यात शिरला. बेत साधा होता: पुस्तकातलं सगळं पाठ आहे, तर एकदा खऱ्या पाण्यात करून बघावं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर कुणी उठायच्या आत एकट्याची फजिती उरकून घ्यावी.

पाणी गार होतं. कमरेपर्यंत आल्यावर तो थांबला आणि त्याने मनात पान उघडलं. 'छाती भरून श्वास घ्या. हनुवटी वर. कान पाण्यात जाऊ द्या. घाबरू नका, पाणी तुम्हांला धरील.'

तो उताणा झाला, आणि पाण्याने त्याला धरलं!

बाइंडरचा विश्वासच बसेना. कानात पाणी गेलं आणि जग एकदम बंद झालं. वर फिकट आकाश, कड्यावरून लोंबणारी मुळं, आणि आपण त्याखाली न बुडता. त्याने हळूच पाय हलवले. तो सरकला. पुन्हा हलवले, पुन्हा सरकला. बावीस वर्षं टेबलावर मारलेले पाय आज पहिल्यांदा कशाला तरी लागले होते. त्याला हसू आलं, पण हसलं तर तोंडात पाणी जाईल म्हणून त्याने ते आतच ठेवलं.

आता उभं राहून पुन्हा एकदा करावं, असं त्याला वाटलं. उभं कसं राहायचं?

त्याने मनातलं पान उलटलं. पुढचं पान नव्हतंच. ते पुस्तक म्हणजे कारखान्यातली फुकट गेलेली प्रत होती. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं, आणि ते फर्मे क्रमाने एकावर एक लावून शिवायचे असतात. त्या प्रतीत त्याने स्वतःच्या हाताने तिसरा फर्मा दोनदा लावला होता आणि चौथा लावलाच नव्हता. अठ्ठेचाळिसाव्या पानावर माणूस छान तरंगायला लागायचा, मग पुन्हा तेहेतिसाव्या पानापासून तरंगायला शिकायचा, आणि नंतर एकदम पासष्टाव्या पानावर उंचावरून सूर मारायचा. मधल्या सोळा पानांत काय होतं, ते आता या क्षणी कळलं. पाण्यातून परत उभं कसं राहायचं, ते त्यात होतं.

पाय खाली सोडले की नाक बुडत होतं, म्हणून त्याने ते पुन्हा वर घेतले. कड्यावरची मुळं मोजत पाय हलवण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नाही.

"काय सुरेख तरंगताय हो, व्याही!"

उजव्या कानाच्या बाजूने विहीणबाईंचा आवाज आला. त्या चहाची किटली भरायला आल्या होत्या.

"विहीणबाई," बाइंडर आकाशाकडे बघत, ओठ जेमतेम हलवत म्हणाला, "आता उभं कसं राहतात?"

"काय?"

"उभं. कसं. राहतात."

विहीणबाईंनी किटली खाली ठेवली आणि पलंगावरच्या रोग्याला सांगावं तसं सांगितलं, "घाबरू नका. गुडघे पोटाशी घ्या. डोकं पुढे आणा. दोन्ही हात पाण्यातून पुढे ओढा. हं, आता पाय खाली सोडा."

बाइंडर उभा राहिला. पाणी मांडीपर्यंत होतं. पाय हलवता हलवता तो कधीच काठाला लागला होता.

विहीणबाईंचे खांदे हलायला लागले. बराच वेळ हलत राहिले. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "येतच नाही ना?"

"टेबलावर येतं," बाइंडर म्हणाला. आणि गोट्यांवर बसून, ओल्या लेंग्याचं पाणी पिळत, त्याने त्यांना सगळं सांगितलं. चार वाक्यं कधीच ओलांडून गेली.

"मी यांना सांगते, तुमच्या पायात गोळा आला म्हणून," त्या म्हणाल्या. "नर्सने सांगितलं की कुणी पुढे विचारत नाही. सुनेची मान खाली जायला नको."

बाइंडरला मोह झाला. एवढा सोपा रस्ता समोर आला तर कुणाला होणार नाही? पण मघाशी उताणं पडल्यावर कान बंद होऊन जे एक बरं वाटलं होतं, ते अजून अंगात होतं, आणि त्या अंगाने पुन्हा गोळ्याचं नाटक करायचं त्याच्या जिवावर आलं.

"नको," तो म्हणाला. "मीच सांगतो. चहा होऊ द्या."

चहा झाला. पाव भाजून झाले. व्याही दंड चोळत उठले. "चला, मासेबुवा!"

बाइंडर उभा राहिला, परीक्षेत कविता म्हणायला उभं राहतात तसा. "मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "कधीच येत नव्हतं. हिचा यात काही दोष नाही. तिने जे पाहिलं तेच सांगितलं. मी तिला खरं सांगितलं नाही."

व्याह्यांचा हात दंडावर तसाच राहिला. जावई पावाकडे बघायला लागला. लेकीने कप खाली ठेवला.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "मी आठवीत असताना त्या तलावात सगळ्यात उंच फळीवरून उडी मारली होती. आठवतंय?"

"आठवतंय. मी काठावरच बसलो होतो."

"कुणी मारत नव्हतं. सर नको म्हणत होते. मी मारली, कारण खाली तुम्ही होता! काही झालं तर बाबा आहेत, असं मनात म्हणून मारली मी." तिचा आवाज चढला. "म्हणजे काठावर कुणीच नव्हतं!"

बाइंडरला ती उंच फळी दिसली, तिच्या टोकाची ती काडीएवढी पोर दिसली.

"होतो की," तो म्हणाला. "तुला काही झालं असतं तर मीही उडी मारली असती."

"आणि मग?"

बाइंडरने खरोखर विचार केला. "मग दोघंही बुडालो असतो."

लेकीचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि बाइंडरला कळेना की आता रडणार की ओरडणार. आधी तिचं नाक फुरफुरलं. मग ती जी हसत सुटली ती पोट धरून गोट्यांवर बसलीच. "मारली असती," ती म्हणत होती, "ऐकलंत का आई, यांनी खरंच मारली असती! चष्म्यासकट!" हसता हसता तिने डोळे पुसले, आणि ते जरा जास्तच वेळ पुसले.

व्याह्यांना भलतंच दुःख झालं होतं. "अरेरे! मला वाटलं जोडीदार मिळाला. आता मी शर्यत कुणाशी लावू?"

"तुम्ही भांडी घासा," विहीणबाई म्हणाल्या. "शर्यतीत एकटेच आहात, म्हणजे शेवटचेही तुम्हीच."

"तरंगता येतं मला," बाइंडर घाईने म्हणाला. "उताणं. आणि आज सकाळी उभं राहायलाही शिकलोय."

"दाखवा," लेक म्हणाली. उठून तिने त्याचा हात धरला आणि त्याला पाण्यात नेलं.

तासाभरात काठावर मोठं भांडण जुंपलं. लेक म्हणे आधी श्वास, व्याही म्हणत आधी हात, जावई म्हणे पाण्याची ओढ कुठून कुठे आहे ते आधी बघा. बाइंडर तिघांचं ऐकून घ्यायचा आणि उताणा व्हायचा. शेवटी व्याह्यांनी बरोबर आणलेल्या गाड्यांच्या बाद ट्यूबांपैकी एक फुगवून लेकीने बगलेत घेतली, त्याच्या शेजारी राहिली, आणि जावयाला काठावर ठेवून तिघं खडकाकडे निघाली. बाइंडर उताणा, डोकं पुढे करून, मागे न बघता सरकत होता. व्याही पुढून पोहत हाकारत होते, "येऊ द्या, येऊ द्या! जरा डावीकडे कापा! आणखी थोडं... बास बास बास!"

बाइंडरचं डोकं खडकाला हलकेच टेकलं. लेकीने त्याला वर ओढलं. तिघं दाटीवाटीने बसली. दगड उन्हाने कोमट झाला होता.

"आता एक सांगा, व्याही," व्याही दम घेत म्हणाले. "आणखी काय काय येत नाही तुम्हाला? आत्ताच सांगून टाका. म्हणजे पुन्हा माझी फसगत नको."

बाइंडरने चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. "शीळ घालता येत नाही," तो म्हणाला. "कॅरममध्ये मी मुद्दाम हरतो असं सगळे म्हणतात, तसं नाहीये. मला खेळताच येत नाही."

"आणि ते बाजाच्या पेटीचं?" लेक दचकून म्हणाली. "आई सांगायची, लग्नाआधी तुम्ही पेटी वाजवायचात!"

"पेटी मी नुसती उचलून न्यायचो. वाजवायचा माझा भाऊ."

"बाबा!"

"आणि तुझ्या लग्नात मी ते भाषण केलं ना..."

"ते तरी खरं होतं ना?"

"खरं होतं," बाइंडर म्हणाला. "पण सगळं पाठ केलं होतं. आठ दिवस, त्याच टेबलावर बसून."

काठावरून विहीणबाईंची हाक आली, दुसरा चहा झाला म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा आली. पण बाइंडर आता कुठे रंगात आला होता, आणि त्याचं ऐकायला दोन माणसं मांडी घालून बसली होती. मध्ये पाणी असल्यामुळे त्यालाही उठून जाता येण्यासारखं नव्हतं.