बाराचा भोंगा आणि डेल्मरची खुर्ची

आमच्या हॅल्वर गावात बाराचा भोंगा बंद झाला तेव्हा सगळ्यात आधी कुत्री गोंधळली. रोज दुपारी भोंग्याच्या सुरात सूर मिसळणारी ती जनावरं पाण्याच्या टाकीखाली जमायची, वर बघायची आणि काहीच घडलं नाही की एकमेकांची नजर चुकवत घरी जायची. माणसांचं फार वेगळं नव्हतं. बँकेत जेवणाची सुट्टी कधी करायची यावर वाद होऊ लागले. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यावर विश्वास ठेवायची कुणाला सवय नव्हती.

भोंगा बंद केला नगरपरिषदेने, आणि निर्णायक मत होतं डेल्मर ऑस्टबीचं. अमेरिकेत डाकोटातल्या आमच्या या कोपऱ्याला कैक वर्षांनी डॉक्टरीणबाई मिळाल्या होत्या आणि त्यांचं तान्हं मूल नेमकं बाराला झोपायचं. डेल्मर सभेत म्हणाला, "भोंगा गेला तर गाव हळहळेल. डॉक्टर गेल्या तर गाव कण्हेल." गावाने त्याला मुदतीआधीच घरी बसवायचं ठरवलं. तसा कायदाच आहे आमच्याकडे. पुरेशा सह्या जमवल्या की नगरसेवकाला पुन्हा मतदानाला उभं राहावं लागतं.

सह्या गोळा करायला निघाला ऑर्लिन टेग. भोंगा त्याच्या वडिलांनी बसवलेला. हा ऑर्लिन डेल्मरचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं रोज सकाळी लावॉनच्या कॅफेत पत्ते खेळायचे. अर्ज त्याने पहिल्यांदा तिथेच काढला.

"सही करतोस?" त्याने डेल्मरलाच विचारलं.

"मला काढायच्या अर्जावर मी?"

"मतदार आहेस ना? उगाच तुला वगळलं असं वाटायला नको."

"पान टाक आधी," डेल्मर म्हणाला.

बाकी गावाने सह्या केल्या. बाहेर कडाक्याची थंडी, ऑर्लिन उंबऱ्यावर उभा. त्याच्या तोंडावर दार कसं लावणार? अडचण आली ती पुढे. डेल्मरविरुद्ध उभं कोण राहणार? त्याला काढायला सगळे तयार, त्याच्या खुर्चीत बसून तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी ऐकायला कुणी नाही. शेवटी ऑर्लिनलाच उभं राहावं लागलं. त्यानंतर तो तापातून उठलेल्या माणसासारखा फिरत होता.

डेल्मर वरवर हसायचा, पण त्याची बायको अर्डिस वारल्यापासून घरात बोलायला फक्त रेडिओ उरला होता. सभेच्या सोमवारी मात्र तो गुळगुळीत दाढी करायचा, टाय बांधायचा.

"खुर्ची गेली तर टाय घालून जाऊ कुठे?" तो मला म्हणाला. "गाईंपुढे?"

"तुझ्याकडे गाई नाहीत."

"तेच तर."

मतदानाच्या दिवशी सकाळी मी त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. दार वाजलं. लावॉन. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं. खिमा, मश्रूमचं सूप, वर खरपूस बटाटे. याला आम्ही हॉटडिश म्हणतो. कुणी गेलं, कुणाचं कोठार जळलं, की हॉटडिश दारात येते. भांड्याखाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे दुःख ओसरलं की ते कुणाला परत करायचं हे कळतं.

"फार वाईट झालं, डेल्मर," लावॉन म्हणाली.

"काय झालं?"

"म्हणजे... होईल ना आता."

"मतदान सातपर्यंत आहे, लावॉन. तू करून आलीस?"

"छे, आता जातेय. म्हटलं हे गरम आहे तोवर देऊन जावं."

ती त्याच्या गळ्यातल्या टायकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि गेली.

मग रांगच लागली. ओटा भरला, फ्रिज भरला, अर्डिसचं शिवणाचं यंत्रही झाकलं गेलं. डेल्मर प्रत्येकाचे आभार मानायचा, मत दिलं का विचारायचा आणि भांडं उचलून खालचं नाव वाचायचा.

"पाद्रीबाईंनी चीज दुप्पट घातलंय," तो म्हणाला. "त्यांचं नक्की ठरलंय."

शेवटी ऑर्लिन आला. हातात भांडं.

"जळलंय हे," डेल्मर म्हणाला.

"वरून. आत कच्चं आहे."

"अरे, अजून दुपारसुद्धा झाली नाही."

"सातला मला मोजणीला बसायचंय. नंतर वेळ मिळाला नसता." ऑर्लिनने टोपी काढली. "टाय कशाला? आज सभा आहे?"

"नाही. म्हटलं शेवटचा घालून घ्यावा."

ऑर्लिनने ओट्यावरची भांडी सरकवून आपलं भांडं टेकवलं.

"मत दिलंस?" त्याने विचारलं.

"नाही. तू?"

"चल. गाडी चालूच ठेवलीय."

दोघं एकाच गाडीतून गेले. वाटेत काही बोलणं झालं असेल तर मला कुणी सांगितलेलं नाही. रात्री निकाल लागला. डेल्मर चांगला दणक्यात निवडून आला. आपलं मत कुणाला, हे गावात कुणीच कबूल केलं नाही. लावॉन एवढंच म्हणाली, "माणूस टाय घालून दार उघडतो, याला काय म्हणायचं." ऑर्लिनच्या चेहऱ्यावर रंग परत आला. इतकं अन्न डेल्मर एकटा खाणार कधी? त्याने सगळं आगीच्या बंबाच्या शेडमध्ये नेलं आणि गावाने आपलंच सांत्वन पोटभर खाल्लं.

डॉक्टरीणबाईंचं पोर शाळेत जायला लागलं तसा भोंगा परत सुरू झाला. ठराव डेल्मरनेच मांडला. तोवर कुत्र्यांची पिढी बदलली होती. बिचाऱ्यांना पहिल्यापासून शिकावं लागलं.

गेल्या शरदात डेल्मर गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून गावाच्या हॉटडिशची भांडी ऑर्लिनच्या घरी आली. मी होतो तिथे. ऑर्लिनने डेल्मरचा निळा टाय बांधला होता. बाराचा भोंगा झाला, कुत्री केकाटली, आणि तो एकेक भांडं उचलून खालचं नाव वाचत राहिला.

"या वेळी कुणी घाई केली नाही," तो म्हणाला.