सव्वासातची सही

“इथं, साहेब. आणि इथं खाली.”

काका बोट ठेवत होते तिथं डॉक्टर सही ठोकत होते. वाचायची गरज दोघांनाही वाटत नव्हती. सोमवारी विमा कंपनीची तपासणी होती, आणि ज्या कागदावर डॉक्टरांची सही नाही तो उपचार झालाच नाही, असं कंपनी धरते. अशा एकतीस फायली निघाल्या होत्या. रेकॉर्ड विभागात छत्तीस वर्षं काढलेले काका त्या छातीशी धरून मजल्यामजल्यावर हिंडत होते. नर्सेस त्यांना ‘सहीकाका’ म्हणायच्या.

एकतिसावी फाईल त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती त्यांच्या इथंच वारलेल्या बायकोची होती.

डॉक्टरांनी वरचं नाव पाहिलंच नाही. “हं, कुठं?”

काकांचं बोट पुढं होईना. कागदावर नर्सच्या अक्षरात होतं : ‘संध्याकाळी डॉक्टरांनी तपासले. प्रकृती स्थिर.’ त्यापुढची जागा कोरी.

“साहेब, त्या संध्याकाळी तुम्ही आला नव्हतात.”

“कोण म्हणतं?”

“मी होतो ना तिथं. माझी बायको ही. धाप लागली होती तिला. चारदा निरोप धाडला तुम्हाला.”

डॉक्टर पेनाला टोपण लावत म्हणाले, “मग राहू दे, काका. नका घेऊ सही. अधीक्षक मॅडमना तुम्हीच सांगा तसं.”

अधीक्षक मॅडमनी खुर्चीवर बसा असंही म्हटलं नाही. “एक कागद अडला की अख्खा गठ्ठा परत येतो, सगळ्यांचे विम्याचे पैसे अडकतात. बाकीच्या तीस घरांना काय सांगू? सहीकाकांचं मन धजत नाही म्हणून?” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर पडलाय. त्यावरही सही व्हायचीय अजून.”

काका पुन्हा जिना चढले. डॉक्टर निघायच्या बेतात होते, गाडीची किल्ली हातात. काकांनी फाईल उघडली आणि बोट ठेवलं.

सही झाली.

“वेळही टाकायची असते ना? किती वाजता आलो होतो म्हणू?”

“सव्वासात लिहा.”

“नक्की?”

“हो. तोवर ती बोलत होती.”

डॉक्टरांनी लिहिलं. काकांनी सवयीनं फुंकर मारून शाई वाळवली.

पंधरा दिवसांनी मुलगी सासरहून आली. आल्या आल्या तिनं पिशवीतून कागद काढले.

“आईच्या फाईलची प्रत मागवली होती, बाबा. तक्रार करणार होते. तुमची नोकरी तिथंच, म्हणून बोलले नाही तुम्हाला.” तिनं एक कागद पुढं केला. “यात तर सव्वासातला डॉक्टर येऊन गेलेत. तुम्ही म्हणाला होता, कुणी फिरकलंसुद्धा नाही.”

काकांनी कागद हातात घेतला नाही.

“डुलकी लागली असेल मला.”

“आईला धाप लागलेली असताना?”

“हो.”

मग कागद नीट जुळवून तिनं पिशवीत घातले आणि चपला चढवल्या. काका तिच्यामागं दारापर्यंत गेले.

निघताना ती ‘येते’ म्हणाली नाही.