मला दोनच आकडे पुरतात

मी एक जुने फंक्शन आहे. मित्रांनो, फंक्शन म्हणजे संगणकाला शिकवून ठेवलेले छोटेसे काम. माझे काम दूध मोजण्याचे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वजन सांगा, मग ते किती दिवसांचे आहे ते सांगा. एका वेळी किती दूध पाजायचे ते मी सांगतो. दिवसातून बारा वेळा पाजायचे, हे मी धरूनच चालतो.

मला मावशींनी लिहिले. ऑफिसात सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी मला सामाईक लायब्ररीत, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या फंक्शनांच्या साठ्यात ठेवले आणि तिथून अनेक दवाखान्यांचे प्रोग्रॅम मला हाक मारू लागले. कौतुक मात्र दूध पाजणाऱ्या नर्सचे होई, आणि तेच योग्य.

पुढे काही दवाखान्यांत आठच वेळा पाजू लागले. 'किती वेळा' हा तिसरा आकडा मला शिकवण्याचे काम ऑफिसातल्या नवरदेवाकडे आले. त्याचे लग्न आठवड्यावर आले होते, म्हणून हे नाव. चित्त काही थाऱ्यावर नव्हते. त्याने नवा आकडा वजन आणि दिवस यांच्या मधोमध बसवला.

मावशींनी जुन्या पद्धतीने हाक मारून पाहिली: सोळाशे ग्रॅम, सहा दिवस. मी सहा दिवसांना सहा वेळा समजलो, दिवसांचा आकडा मिळालाच नाही म्हणून त्या जागी हाताला लागेल तो भलता आकडा उचलला आणि छातीठोकपणे सांगितले, चाळीस मिलिलिटर. खरे उत्तर होते वीस. एवढ्याशा पोटात दुप्पट दूध गेले असते. माझी मलाच भीती वाटली.

"रांगेत मधे घुसणाऱ्याला लोक काय म्हणतात, माहीत आहे ना?" मावशी म्हणाल्या.

नवरदेवाचा चेहरा उतरला. "मावशी, आपल्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये बदलून टाकतो ना मी."

"आपले बदलशील. पण एक लहान दवाखाना आहे, त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. तिथल्या नर्सला कोण सांगणार? याला हात लावू नकोस. तीन आकड्यांसाठी नवे फंक्शन लिही, याचा धाकटा भाऊ."

तसेच झाले. आता मी स्वतः मोजत नाही. माझे दोन आकडे धाकट्याच्या हाती देतो आणि सांगतो, 'बारा वेळा धर, बाबा.' कुणी म्हणेल, म्हातारा नुसता निरोप्या उरला. पण उरलो, याबद्दल मी मावशी आणि नवरदेव दोघांचे उपकार मानतो. रजेवर जाण्याआधी नवरदेवाने माझ्या शेजारी लिहून ठेवले: 'जुने आहे, काढू नये.'

मित्रांनो, नवे जरूर आणा. पण जुन्या सवयीने हाक मारणाऱ्याची वाट मोडू नका. परवा त्या लहान दवाखान्यातून हाक आली: अकराशे चाळीस ग्रॅम, नऊ दिवस. काल आली: अकराशे साठ, दहा. आज सकाळी आली: अकराशे पंच्याऐंशी, अकरा.