वाकड्या नाकाचे उरलेसुरले राजे

आमच्या ह्यांना जगात एकच प्रश्न पडतो : किती उरले असतील? माणसं नव्हे, नाणी. तीही एकाच जातीची. फार पूर्वी टाकसाळीतल्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे चांदीच्या नाण्यावर राजाचं नाक वाकडं उमटलं. राजाच्या ते लक्षात आल्यावर त्याने सगळी नाणी परत मागवून वितळवायला लावली. जी निसटली त्यांना ह्यांच्या नाणेमंडळात वाकडनाकी म्हणतात. त्यातलं एक आमच्या कपाटात मखमलीच्या डबीत असतं. आमच्या घरात एवढी बडदास्त दुसऱ्या कुणाची नाही, माझी तर नाहीच.

ते ह्यांना लहानपणी ह्याच घरात, स्वतःच्या पलंगाखाली सापडलं. कुठून आलं ते कळेना, आणि सासूबाईंना विचारावं इतकं ते महत्त्वाचं आहे हे कळायच्या आत त्या गेल्या. तेव्हापासून हे बाकीच्यांच्या मागावर आहेत. लिलावांची पुस्तकं, संग्रहालयांचे फोटो, लोकांची कपाटं. प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे भिंगाखाली बघायचे आणि त्याला नाव ठेवायचं. कानतुटका, डागाळलेला, गालावर खळीवाला. नाव अशासाठी, की तेच नाणं हात बदलून पुन्हा समोर आलं तर दोनदा मोजलं जाऊ नये.

"पण जी दिसलीच नाहीत ती कशी मोजता?" असं मी एकदा विचारून बसले. ह्यांनी चमच्यांचा डबा पुढे ओढला.

"न बघता एक चमचा काढ, खूण कर, परत टाक. पुन्हा काढ. सारखे खुणेचेच हातात आले तर डब्यात थोडेच आहेत. दर वेळी नवाच आला, तर न दिसलेले बरेच आहेत."

माझ्या चांगल्या चमच्यांवर अजून नेलपॉलिशचे ठिपके आहेत.

ह्यांच्या हाती बरीच वर्षं खुणेचेच चमचे येत होते. तोच कानतुटका, तोच डागाळलेला. म्हणून हिशेब पक्का झाला : जगात वाकडनाकी सात, जास्त नाहीत. मंडळाच्या वार्षिक सभेत हे तो आकडा जाहीर करणार होते. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे सातातली दोन, त्यामुळे ते स्वतःला जगाचा दोन सप्तमांश मालक समजत. ह्यांना ते दर सभेला विचारायचे, "काय, तुमचं अजून मोजणंच चाललंय?" आणि सगळे हसायचे. निवृत्तीनंतर माणसाला स्वतःचं असं काहीतरी लागतं. ह्यांच्यापाशी ते सात होते.

सभेच्या आधी डॉक्टर चहाला येणार, म्हणून मी बाहेरच्या खोलीतला पडदा उतरवला. तपकिरी, जाडजूड, सासूबाईंनी शिवलेला. तो बदलायचं नाव काढलं की हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. धुवायलाही देत नाहीत, कापड विरेल म्हणून. ते भाषणाची तालीम करत होते तोवर मी तो बादलीत घातला. ठण्णकन आवाज झाला.

खालच्या दुमडीत आतून चार छोटे खिसे शिवलेले होते. एकाची शिवण उसवून तो रिकामा झाला होता. बाकी तिन्हींतून काळ्या पडलेल्या तीन चकत्या निघाल्या. मला वाटलं, शिशाच्या असतील. अंगठ्याने घासलं, तर नाक वर आलं. वाकडं.

मी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसले. खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. सुईदोरा घेतला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. पण ज्या गोष्टीसाठी ह्या माणसाने अर्धं आयुष्य भिंगाला डोळा लावला, ती मी परत शिवून टाकायची म्हणजे फारच झालं. तिन्ही नेऊन त्यांच्या भाषणाच्या कागदांवर ठेवली.

त्यांनी भिंग काढलं. एकेक नाणं उजेडात धरून उलटंपालटं केलं.

"तिन्ही नवी," शेवटी म्हणाले.

"म्हणजे दहा झाली."

"दहा नाही गं. चमचे आठव. मी जिथे कधी बघितलंच नाही, अशा पहिल्याच जागी तीन नवी निघाली. बाहेर शंभर असतील. दोनशेही असतील."

त्यांचा चेहरा मला बघवेना. विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, "चौथा खिसा मात्र रिकामा आहे."

हे उठले. कपाटातून मखमलीची डबी आणली. रिकाम्या खिशात कापडावर गोल काळा डाग पडला होता. त्यांनी आपलं नाणं त्यावर ठेवलं. बरोब्बर बसलं.

"माझा पलंग ह्याच खिडकीखाली होता," ते म्हणाले. "पडदा उडून तोंडावर यायचा. मी दचकून उठायचो, रडायचो. मग एक दिवस यायचा थांबला. मला वाटलं, वारा पडला."

मला भडभडून आलं. सासूबाईंच्या पडद्याला मी काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं.

सभेत ह्यांनी भाषणाचे कागद उघडलेच नाहीत. "सात सांगायला आलो होतो," म्हणाले. "आमच्याच पडद्यात आणखी तीन निघाली. किती उरलीत, मला माहीत नाही. घरी गेल्यावर जरा पडद्यांच्या कडा चाचपून बघा." सभागृह पोट धरून हसलं. सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले. मग मी बघितलं, चहाच्या वेळी ते सभागृहाच्या पडद्यामागे वाकून उभे होते.

त्यानंतर फोन सुरू झाले. एक कुणाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली निघालं, एक जुन्या घड्याळाच्या लोलकाला चिकटवलेलं, दोन कुणाच्या आत्याच्या कोटाच्या अस्तरात. लोकांनी राजाला कुठे कुठे कामाला जुंपलं होतं. हे प्रत्येकाला नाव ठेवतात आणि आकडा वाढवतात. डॉक्टर आता आमच्याकडे चहाला येत नाहीत.

पडदा वाळला तसा मी इस्त्री करून परत लावला. खिडकी उघडताच तो फडफडायला लागला. हे तीन नाणी आणि सुईदोरा घेऊन आले. मग थबकले, कपाटाकडे गेले आणि डबीही घेऊन आले.

"तेसुद्धा?" मी विचारलं.

"तो कोपरा राहिला तर पडदा उडेलच ना."

मी चारही खिसे दुहेरी दोऱ्याने शिवले. दुपारी हे खिडकीखालच्या पलंगावर आडवे झाले. बाहेर चांगला वारा होता, पडदा जागचा हलला नाही. नव्या पडद्याचा विषय मी त्यानंतर काढलेला नाही.