भातावर ताणलेली टेप

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास भिकाजी साळवी पावस गावातल्या खालच्या शेतात उतरला आणि भातावर ताणलेली कॅसेटची टेप काठ्यांवरून सोडवू लागला. भात पिकायला आलं होतं. वाऱ्यावर टेप घुमते, पाखरं बसत नाहीत, म्हणून ती बांधतात.

बांधावर शेताची मालकीण सावित्री उभी होती. तिचा नवरा सखाराम, भिकाजीचा मित्र, दोन वर्षांपूर्वी वारला.

"भावजी, आता काढून काय उपयोग? ऊन खाल्लान, पाऊस खाल्लान तिनं."

"बघू."

"आणि पोपट आले तर?"

"मी बसतो राखणीला. घरी तरी कोण विचारतंय?"

१९८९ साली रत्नागिरीत 'कातळ' नावाचा एक पंक, म्हणजे आरडाओरड्याच्या रॉकचा, बँड होता. भिकाजी गायचा आणि गिटार वाजवायचा, विनीत बेस, सखाराम ड्रम. ड्रम म्हणजे तेलाचे पत्र्याचे डबे आणि मागून आणलेला एक ताशा. विनीतचा मामा बोटीवर होता. त्याने आणलेल्या कॅसेटी ऐकून ते वाजवायला लागले. गणपतीत वाडीच्या मंडपात त्यांनी 'नळाला पाणी नाय' म्हटलं. दुसऱ्या गाण्याला मंडळाने माइक बंद केला. त्यानंतर कातळ कुठे वाजला नाही. गाणी मात्र विनीतच्या माडीवर एका कॅसेटवर भरून ठेवली होती. दुसरी प्रत काढली नाही.

मुंबईची अक्षया आता अशा विसरलेल्या बँडांवर पुस्तक लिहिते आहे. तिची अट एकच: आवाज असेल तर नोंद. नुसत्या आठवणींवर ती कोणाला घेत नाही. महिनाअखेरीस पुस्तक छापायला जाणार आहे. भिकाजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला, गिटार कधीच विकली, फोटो एकही नाही. त्याची नात ज्ञानेश्वरी म्हणते, आजोबा थापा मारतात.

कॅसेट सखारामकडे होती. तिच्यावर त्याने मोठ्या अक्षरात 'भजन' लिहिलं होतं. भजनाच्या कॅसेटवर घरात कोणी दुसरं काही भरत नाही, हा त्याचा विचार. तो जिवंत होता तोवर कोणी भरलंही नाही. यंदा सावित्रीने तिचीच टेप उपसून भातावर ताणली.

"बाकीच्या लग्नाच्या, नमनाच्या खेळांच्या होत्या," सावित्री म्हणाली. "म्हटलं, राखणीला देवाचं नाव असलेलीच बरी. मला काय ठाऊक, आत तुमची बोंबाबोंब?"

"तेव्हाही सगळे हेच म्हणायचे, वहिनी."

ती हसली. मग घरात जाऊन टेप काढलेली रिकामी कॅसेट घेऊन आली. ती तिने टाकली नव्हती.

टेप दोन ठिकाणी तुटली होती. काही भाग पांढुरका पडला होता, बोटाला तपकिरी भुकटी लागत होती. ओसरीवर बसून भिकाजीने ती चिकटपट्टीने जोडली आणि पेन्सिलीने कॅसेटमध्ये गुंडाळली. मधेच ठाण्याला विनीतला फोन लावला.

"अरे, सोड ना," विनीत म्हणाला. "मला बेस धड धरता येत नव्हता. ते जगाला कशाला ऐकवतोस?"

"सख्याचे ड्रम आहेत त्यात."

"मग पाठव," विनीत म्हणाला.

रविवारी कॅसेट मुंबईला गेली. बुधवारी अक्षयाचा निरोप आला. टेप साफ केली, बहुतेक भागात काही उरलेलं नाही. गाणं नाही, गिटार नाही. एका तुकड्यात ठोके आहेत. ते ड्रमचे आहेत की टेपला पडलेल्या घड्यांचे, टेप साफ करणाऱ्याला सांगता येत नाही. तुकडा सोबत पाठवला होता. 'तुम्ही ओळखलंत तर तुमच्या शब्दावर घेते. शुक्रवारपर्यंत कळवा.'

भिकाजीने तुकडा ऐकला. गुरुवारी सकाळी पावसला जाऊन सावित्रीला ऐकवला.

"हे तेच का, वहिनी?"

तिने मोबाइल कानाशी धरला, पुन्हा लावायला सांगितला. शेतावर पोपट उतरले होते. तिकडे बघत तिने ऐकलं.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "वाजवताना तुमी होतात बाजूला."

"हो म्हटलं तर सख्याचं नाव छापून येईल."

"आणि ठोके त्यांचे नसतील तर?"

भिकाजीने मोबाइल खिशात ठेवला आणि पोपट हाकायला उठला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत अक्षयाला उत्तर गेलेलं नव्हतं.