गुड, गुड, ॲन्ड यू?

दात बनवायच्या त्या लॅबमध्ये वहिनींना सगळे वहिनीच म्हणत, कारण लॅबचा मालक त्यांचा धाकटा दीर होता आणि तो म्हणेल तेच बाकीच्यांनी म्हणायचं अशी तिथली रीत. बावीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलाशी बसत होत्या. कॅप असो, ब्रिज असो, प्लास्टरच्या साच्यावर बसवायचा आणि कडेनं बारीक सुई फिरवायची. सुई फटीत अडकली तर माल परत. नाही अडकली तर डबीवरच्या चिठ्ठीवर सही. त्या सहीशिवाय लॅबमधून एक सुळासुद्धा बाहेर पडत नसे.

मग दिराला परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं आणि त्याचं डोकं फिरलं.

"वहिनी, महिनाअखेरीला त्या गिऱ्हाईक बाई स्वतः लॅब बघायला येतायत. तपासणीचं टेबल आता पुढच्या खोलीत. तिथं बसणाऱ्याला चार शब्द बोलता आले पाहिजेत."

"मी दात बघते, भावजी. दातांना इंग्रजी येत नाही."

"म्हणून तर क्लास ठेवलाय. ज्याला जमेल तो टेबलावर."

हा 'जो' कोण, ते सांगायला ज्योतिषी नको होता. जावेची बहीण तीन महिन्यांपूर्वी लॅबमध्ये येऊन चिकटली होती. तिनं केलेला ब्रिज साच्यावर बसवला की पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. पण सकाळी दारातून शिरताना ती "हाय गाइज!" असं काही किंचाळायची की दीर खुर्चीतून अर्धा उठायचा. वहिनींना त्या मुलीचा राग नव्हता. राग यायला समोरचं माणूस निदान आपल्या बरोबरीचं तरी लागतं.

क्लास जेवणाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या खोलीत. शिकवणारा पंचविशीतला, बूट आरशासारखे, स्वतःला कोच म्हणवून घ्यायचा.

"गुड मॉर्निंग विसरा," तो म्हणाला. "हाऊ डू यू डू तर पुरून टाका. आता म्हणायचं, व्हॉट्स अप? उत्तर, नॉट मच."

"नॉट मच म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"विशेष काही नाही."

"विशेष काही नाही कसं? संध्याकाळच्या आत चौदा दात द्यायचेत."

"मॅडम, ते खरं विचारत नसतात."

"मग तोंड कशाला उघडतात?"

शेजारी मेणाचे दात कोरणारा मेणवाला बसला होता, तो खुसकन हसला. अख्ख्या लॅबमध्ये वहिनी ज्याला माणसात धरत असा तो एकटाच. त्याच्या कामात सुई कधी अडकली नव्हती.

कोच हसला नाही. त्यानं फळ्यावर 'हाऊज इट गोइंग?' लिहून खाली दोन रेघा मारल्या. उत्तर एकच, गुड, गुड, ॲन्ड यू? दोन सेकंदांच्या आत, हसत. घराला आग लागलेली असली तरी गुड. आणि समोरच्याचं उत्तर ऐकायला थांबायचं नाही.

असली भाषा बोलणाऱ्यांची वहिनींना कीव आली. सबंध जगाला तोंडदेखलं बोलायला शिकवतात आणि वर फी घेतात! पण टेबल हातचं जाणार या धास्तीनं त्या घरी भाकऱ्या थापताना पुटपुटायच्या, गुड, गुड, ॲन्ड यू. नवऱ्यानं एकदा विचारलं, "कुणाशी बोलतेयस?" तर म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या मूर्खपणाशी."

महिनाअखेर आली. पुढच्या खोलीत टेबल लागलं, दिराचा टाय लागला. "सकाळपुरतं वहिनींना बसू दे," तो मोठ्या मनानं म्हणाला, "कोण बरं बोलतं ते बघू." जावेची बहीण ओठ रंगवून दाराशी उभी राहिली.

बाई आल्या तेव्हा वहिनींच्या हातात चार दातांचा ब्रिज होता, याच बाईंच्या मालातला, जावेच्या बहिणीनं केलेला. सुई कडेनं फिरत मागच्या दाढेपाशी आली आणि अडकली. चांगली नखभर फट. तिथं अन्न साचणार, आतला खरा दात सडणार. वहिनींनी साच्यावर लाल खूण करायला पेन्सिल उचलली, तेवढ्यात डोक्यावर सावली पडली.

"हाऊज इट गोइंग?" बाईंनी विचारलं. नजर ब्रिजवर होती.

"गुड, गुड! ॲन्ड यू?"

तोंडातून गेलंसुद्धा. दोन सेकंदही लागले नाहीत. हसू असं चोख की मागे उभ्या असलेल्या कोचनं शाबासकीचा अंगठा उंचावला. बाई काहीतरी गोड बोलल्या, मान हलवली आणि पुढे गेल्या. जावेच्या बहिणीला "हाय" म्हणायलासुद्धा सवड मिळाली नाही.

बाईंची गाडी गेल्यावर दीर टेबलाशी आला. "मानलं वहिनी तुम्हाला! टेबल तुमचं. आता त्या ब्रिजवर सही करा, आजच्याच पेटीत जायचाय."

"हा परत जाणार. फट आहे."

"फट?" दिराचं हसू गेलं. "तुम्ही बाईंच्या तोंडावर गुड म्हणालात की."

"ते तसं म्हणायचं असतं! तुमच्या कोचनंच शिकवलं."

"त्या ब्रिजकडे बघून विचारत होत्या. माल आज गेला नाही तर उद्या म्हणतील, या बाईंना टेबलावर कुणी बसवलं. मग मला दुसरं माणूस बसवावं लागेल. बघा बुवा."

वहिनींनी दिराकडे पाहिलं. हा लहानपणी त्यांच्या हातचं मुकाट जेवलेला माणूस आता टाय चाचपत उभा होता. त्याला काही लागेलसं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण मघाशी याच तोंडातून काय निघालं ते आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी सही केली. बावीस वर्षांची सवय, अक्षर जराही हललं नाही.

दीर डबी घेऊन गेला.

पुढची डबी मेणवाल्याची होती. त्यात एकच दाढ. वहिनींनी ती साच्यावर बसवली आणि सुई फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. सुई कुठेच अडकली नाही. मेणवाला आतल्या दारात उभा राहून बघत होता; मघाची सहीही त्यानं तिथूनच पाहिली होती.

वहिनींनी लाल पेन्सिल उचलली, चिठ्ठीवर 'पुन्हा करा' असं लिहिलं आणि त्याच्याकडे न बघता डबी मागे सरकवली.