गुळाच्या ढेपेवर मोडलेला हातोडा

मी एक जुना हातोडा आहे, पण माझ्याकडून आजवर कुणी खिळा ठोकून घेतलेला नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एझ्रा हॉल्कम नावाच्या गृहस्थांसाठी गावच्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. एझ्रासाहेब शेतकऱ्याचे चिरंजीव. नांगर सोडून वकील झाले, मग लोकांनी त्यांना विधानसभेत धाडलं आणि तिथे ते सभापती झाले. तेव्हा माझा जन्म झाला. मित्रांनो, त्या सभागृहात गोंधळ थांबवायला मला मेजावर इतकं आपटलं जाई की माझं डोकं बधिर व्हायचं. पुढे साहेब न्यायाधीश झाले आणि मला सुख लागलं. न्यायालयात ते मला नुसते हातात धरून बसत. तेवढ्यानेच लोक गप्प होत.

साहेब गेले आणि मी एका पेटीत पडलो. पुष्कळ वर्षांनी कायदा शिकायला तिकडे आलेल्या गोविंदरावांना साहेबांच्या वंशातल्या एका आजीबाईंनी मला प्रेमाने दिलं. गोविंदराव जयपूरला प्राध्यापक. आपल्याकडच्या न्यायालयांत हातोडा वापरतच नाहीत, त्यामुळे तिथल्या विद्याधर नगर भागातल्या घरात मी कपाटावर धूळ खात बसलो. गोविंदराव विद्यार्थ्यांपुढे तासन्‌तास बोलत. घरच्यांना मात्र मी कोण हे सांगायचं राहूनच गेलं.

यंदा संक्रांतीला त्यांच्या पत्नीला, सुहासिनीबाईंना, बत्ता सापडेना. तिळगुळासाठी त्यांनी मला खाली उतरवलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांनी हाताला काम मिळाल्याचा मला आनंदच झाला. पण थंडीने गुळाची ढेप दगड झाली होती. दोन-चार घावांतच माझा दांडा मोडला आणि माझी रवानगी गच्चीवरच्या सरपणात झाली.

संध्याकाळी पतंग उतरले, गच्चीवर शेकोटी पेटली. त्यांच्या मुलाने, राघवने, मला शेकोटीत टाकायला उचललं. मी तर आशाच सोडली होती.

"राघव, ते खाली ठेव," जिन्यातून वर येत गोविंदराव ओरडले.

"बाबा, मतलब, तुटलेलंच आहे ना ते?"

"माझ्या हातून मोडला," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पण अहो, हा कुणाचा, कशाचा, ते तुम्ही कधी सांगितलंत का?"

गोविंदराव मला मांडीवर घेऊन शेकोटीपाशी बसले आणि साहेबांची सगळी हकीकत सांगू लागले. तरुण वकील असताना, अख्खं गाव विरोधात असूनही, साहेब मालकाकडून पळून आलेल्या एका गुलामासाठी न्यायालयात उभे राहिले होते. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, मलाही नवीन.

"मग? सुटला का हो तो?" सुहासिनीबाईंनी विचारलं. हातातला तिळगूळ तसाच राहिला होता.

"सुटला."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मीही.

जयपूरजवळच्या आमेरच्या सुताराने मला आता शिसवी दांडा बसवला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा. पण त्याआधी त्यांची गोष्ट घरात सांगा. गोष्ट ठाऊक नसलेल्या लाकडाला माणसं सरपण समजतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.